माझं वॉलेट फार बडबड करतं

मागच्या वर्षीची गोष्ट. मी आणि एक मित्र, आम्ही दोघांत मिळून एक सर्व्हर भाड्याने घेतलाय, काही ना काही उद्योग चालू असतात त्यावर. वर्षाचे पैसे मी भरले होते, त्याचा अर्धा वाटा यायचा होता. तो म्हणाला बिटकॉइनच पाठवतो, ॲड्रेस दे. आता वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळणारा प्रोग्रॅम, उघडा, पासवर्ड टाका, नवीन ॲड्रेस, म्हणजे पैसे घ्यायचा खातेक्रमांकासारखा कोड, काढा, एवढं कोण करणार, म्हणून मी जुन्या ईमेलमध्ये पडलेला एक ॲड्रेस उचलला आणि दिला त्याला चिकटवून. पैसे आले, मी थँक्स म्हटलं, विषय संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज. "काय रे, मार्चमध्ये एवढी मोठी रक्कम कुठून आली? आणि चार दिवसांत उडवलीस पण!" सोबत दात काढणारा इमोजी.

त्याने हॅक वगैरे काही केलं नव्हतं. माझा ॲड्रेस ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला आणि एंटर मारलं, बस. त्या ॲड्रेसवर आधी काय काय आलं, कधी आलं, कुठे गेलं, सगळं समोर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी माझी मूठ स्वतःच उघडून त्याच्या हातात ठेवली होती. मित्र चांगला आहे म्हणून ठीक, पण तो मेसेज वाचल्यावर पोटात जे गलबललं ते अजून लक्षात आहे.

गंमत म्हणजे मी स्वतःला या बाबतीत फार सावध समजायचो. २४ शब्दांची सीड फ्रेज (जिच्यावरून अख्खं वॉलेट परत उभं करता येतं) कागदावर, फोटो काढलेला नाही, कागद दोन ठिकाणी. पासवर्ड लांबलचक. पण हे सगळं पैसे चोरीला जाऊ नयेत म्हणून. पैसे कुणाला दिसू नयेत ही वेगळीच भानगड आहे आणि तिचा मी कधी विचारच केला नव्हता. तिजोरीचं कुलूप भक्कम, पण तिजोरी काचेची, असा प्रकार. मग पुढचे दोन-तीन महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो, की माझ्या कॉम्प्युटरवरचं वॉलेट माझ्याबद्दल कुणाकुणाला काय काय सांगतं. बरंच काही सांगतं. त्याचीच ही पोस्ट, जरा लांब होईल.

तर ॲड्रेसचं आधी. दर वेळी नवीन ॲड्रेस वापरा हे काही कुणा शहाण्याने मागाहून काढलेलं नाही, बिटकॉइन काढणाऱ्या सातोशीच्या २००८ च्या मूळ पेपरमध्येच प्रायव्हसीचा एक छोटा भाग आहे, त्यात प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली, म्हणजे पर्यायाने नवा ॲड्रेस, वापरा असं सरळ लिहिलंय. आणि त्याच भागात हेही कबूल केलंय की एका व्यवहारात दोन-तीन ॲड्रेसवरचे पैसे एकत्र खर्च केले की ते सगळे एकाच माणसाचे हे उघड होतं. म्हणजे रोग आणि पथ्य दोन्ही पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेलं. आजकालची वॉलेट्स एकाच सीडमधून हवे तितके ॲड्रेस काढून देतात, त्यामुळे नवीन ॲड्रेस म्हणजे फुकटातली गोष्ट आहे, माझा नुसता आळस.

पण नवीन ॲड्रेस घेतला की सुटलो असंही नाही. बिटकॉइनमध्ये शिल्लक म्हणजे एक आकडा नसतो, सुटे सुटे तुकडे असतात. समजा माझ्याकडे ०.०५ चा एक तुकडा आहे आणि मला कुणाला तरी ०.०१२ द्यायचेत. तुकडा अर्धा मोडत नाही, तो पुरता खर्च होतो, ०.०१२ समोरच्याला जातात आणि फी कापून उरलेले ०.०३७९८५९ एका नव्या चेंज ॲड्रेसवर माझ्याकडेच परत येतात. आता बाहेरून बघणाऱ्याला दोन ॲड्रेस दिसतात, कुठला कुणाचा हे लिहिलेलं नसतं. पण ०.०१२ आणि ०.०३७९८५९ यातलं पेमेंट कुठलं आणि सुटे कुठले हे लहान पोरगंसुद्धा सांगेल. त्यात समोरच्याचा ॲड्रेस जुन्या पद्धतीचा, १ ने सुरू होणारा, आणि माझे सगळे नव्या पद्धतीचे असतील तर मग प्रश्नच मिटला. म्हणजे मी ज्याला पैसे दिले त्याला माझे उरलेले किती आहेत हेही कळलं, आणि पुढे मी ते सुटे खर्च केले की तेही. चेन ॲनालिसिस करणाऱ्या, म्हणजे ब्लॉकचेन या सगळ्या व्यवहारांच्या उघड्या वहीतून माग काढणाऱ्या, कंपन्या असल्याच अंदाजांवर काम करतात, फक्त त्या एकेकट्या ॲड्रेसऐवजी करोडोंवर करतात.

इथपर्यंत सगळं चेनवरचं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला खरा धक्का पुढे बसला.

एका रात्री मी कॉम्प्युटरवर कुठला प्रोग्रॅम कुठे कनेक्ट होतोय ते दाखवणारं टूल चालू केलं आणि मग वॉलेट उघडलं. मी तेव्हा इलेक्ट्रम वापरत होतो, अजूनही वापरतो, चांगलं सॉफ्टवेअर आहे, २०११ पासून आहे. उघडल्या उघडल्या आठ-दहा कनेक्शन. मी काही पाठवलं नव्हतं, काही मागवलं नव्हतं, नुसता पासवर्ड टाकला होता. मग डॉक्युमेंटेशन वाचत बसलो. हलकं वॉलेट स्वतः सगळी चेन ठेवत नाही, त्यामुळे शिल्लक किती हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागतं. त्या आठ-दहांपैकी बहुतेकांकडून ते फक्त ब्लॉकची हेडर्स (चेनच्या प्रत्येक पानाचा गोषवारा) घेतं, पण एका मुख्य सर्व्हरला ते माझ्या सगळ्या ॲड्रेसची यादी देतं, की यातल्या कशावर काही हालचाल झाली तर मला कळव. ॲड्रेस जसेच्या तसे देत नाही, हॅश करून, म्हणजे मूळ परत काढता येणार नाही असा ठसा बनवून, देतं, पण सर्व्हरकडे चेनवरच्या प्रत्येक ॲड्रेसचा हॅश असतोच, त्यामुळे तो पडदा नसल्यातच जमा. आणि नुसते वापरलेले ॲड्रेस नाहीत हां, पुढचे २० न वापरलेलेसुद्धा, कारण त्यावर कधीही पैसे येऊ शकतात. म्हणजे जो ॲड्रेस मी अजून जगात कुणालाही दिलेला नाही तो त्या सर्व्हरला आधीच माहीत.

आता विचार करा. मित्राला माझा एक ॲड्रेस कळला तर मी एवढा हादरलो. इथे कुणीतरी अनोळखी माणूस, ज्याचा सर्व्हर वॉलेटने आपलं आपण निवडलाय, त्याच्याकडे माझे सगळे ॲड्रेस एका गठ्ठ्यात, सोबत माझा आयपी ॲड्रेस, आणि मी रोज किती वाजता वॉलेट उघडतो तेही. चेन ॲनालिसिसवाल्यांना जे अंदाजाने जोडावं लागतं ते इथे मी स्वतः जोडून, पिन मारून देतोय. हे सर्व्हर लोक आपापल्या हौसेने चालवतात, बहुतेक जण भलेच असतील, पण सर्व्हर कुणीही उभा करू शकतं, आणि माहिती गोळा करायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

सर्व्हर कुणीही उभा करू शकतं याचा इलेक्ट्रमवाल्यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये फार वाईट अनुभव घेतलाय. कुणीतरी ढिगाने खोटे सर्व्हर जोडले, आणि लोक पैसे पाठवायला गेले की ते सर्व्हर एक एरर मेसेज परत द्यायचे, तुमचं व्हर्जन जुनं झालंय, इथून अपडेट करा. मेसेज वॉलेटच्या आतच दिसतोय म्हटल्यावर लोकांनी विश्वास ठेवला. लिंकवर अर्थात नकली वॉलेट. २०० च्या वर बिटकॉइन गेले त्यात. नंतर त्यांनी ते मेसेज जसेच्या तसे दाखवणं बंद केलं.

ही अडचण फक्त इलेक्ट्रमची नाही. आधी ब्लूम फिल्टर नावाचा एक प्रकार होता, त्यात वॉलेट नोडला (चेन स्वतः तपासणाऱ्या कॉम्प्युटरला) ॲड्रेस न देता एक धूसर चाळणी द्यायचं, की यात अडकेल ते सगळं मला दे, त्यात माझंही असेल आणि फालतूही. कागदावर छान. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्या चाळणीतून माणसाचे बरेचसे ॲड्रेस ओळखता येतात, आणि २०१९ मध्ये बिटकॉइन कोअर या मुख्य नोड सॉफ्टवेअरने ती सोय डिफॉल्टला बंदच करून टाकली. आता जे नवीन फिल्टर आलेत त्यात उलटं केलंय, नोड प्रत्येक ब्लॉकची छोटी चाळणी देतो आणि माझं काही आहे का हे वॉलेट स्वतःच्या घरी बसून तपासतं. हे मला फार आवडलं, विचारायचंच नाही तर कळणार कसं!

मग मी काय केलं, तर पहिल्या उत्साहात टॉर, म्हणजे आपला आयपी लपवणारं नेटवर्क, लावलं. इलेक्ट्रमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा टॅब असतो, तिथे सॉक्स५, १२७.०.०.१ आणि पोर्ट ९०५० टाकायचं (टॉर ब्राउझर उघडा ठेवून त्यातून जायचं असेल तर ९१५०). पाच मिनिटांचं काम. आणि दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना डोक्यात आलं, की अरे, हेच वॉलेट मी दोन वर्षं साध्या कनेक्शनवरून उघडत होतो की! ॲड्रेसची यादी तीच. म्हणजे ज्याने आधी माझा आयपी आणि यादी लिहून ठेवली असेल त्याला आज यादी टॉरमधून आली काय आणि चंद्रावरून आली काय, माणूस तोच. टॉर लावायचं तर नव्या सीडच्या नव्या वॉलेटला, पहिल्यांदा उघडण्याच्याही आधी. आणि जुन्यातले सगळे पैसे एका फटक्यात नव्यात ओतले की पुन्हा गाठ बसलीच. हा शहाणपणा मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

व्हीपीएनबद्दल लोक विचारतात. व्हीपीएनने माझा आयपी सर्व्हरपासून लपतो आणि व्हीपीएनवाल्याला कळतो, ज्याच्याकडे माझं बिलिंगसुद्धा आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन. आणि दोन्हीतही सर्व्हरला सगळे ॲड्रेस एकत्र दिसतातच, फक्त ते कुणाचे हे दिसत नाही.

शेवटी स्वतःचा नोड. हा भाग सगळ्यात वैतागाचा आहे आणि प्रत्येकाने करावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण माझ्याकडे एक जुना लॅपटॉप धूळ खात पडला होता, त्यावर लिनक्स टाकलं आणि बिटकॉइन कोअर चालू केलं. पूर्ण चेन आता ६०० जीबीच्या वर आहे, तेवढी जागा नसेल तर प्रून मोड असतो, त्यात जुने ब्लॉक तपासून फेकून देतो आणि ब्लॉकसाठी कमीत कमी ५५० एमबी पुरतात, वर बाकीचा डेटा दहाएक जीबी. पण फेकायचे असले तरी एकदा सगळे उतरवून तपासावे लागतातच, त्यातून सुटका नाही. माझ्या लॅपटॉपला नऊ दिवस लागले, पंखा असा घरघरत होता की रात्री दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

त्यावर मग स्पॅरो नावाचं वॉलेट जोडलं. त्यात एक गोष्ट फार छान आहे, खाली कोपऱ्यात एक छोटं बटण असतं, कुणाच्या तरी सार्वजनिक सर्व्हरला जोडलेलं असेल तर पिवळं, स्वतःच्या बिटकॉइन कोअरला असेल तर हिरवं, आणि स्वतःच्या इलेक्ट्रम सर्व्हरला असेल तर निळं. दुसरं काही वाचायची गरजच नाही, रंग बघायचा. माझं पहिल्यांदा हिरवं झालं तेव्हा मी उगाचच दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो होतो. शिल्लक किती हे आता मी माझ्याच घरातल्या लॅपटॉपला विचारतो.

ब्लॉक एक्सप्लोररची सवय मात्र जाता जात नाही. पैसे पाठवले की हात आपोआप ट्रान्झॅक्शन आयडी कॉपी करून ब्राउझरकडे जातो, पोचलं का, पोचलं का. आणि त्या वेबसाइटला अर्थातच दिसतं की या आयपीवरून कुणीतरी या व्यवहाराकडे दर दोन मिनिटांनी बघतोय. एवढी काळजी कुणाला असणार? एक तर देणाऱ्याला नाही तर घेणाऱ्याला. वॉलेटमध्येच कन्फर्मेशन दिसतं, तिथेच बघायचं, आणि अगदीच राहवत नसेल तर टॉर ब्राउझरमधून.

बरं, नेटवर्क झालं. आता घरातलं.

नोडवाल्या लॅपटॉपवर मी बिटकॉइन कोअरचंही एक छोटं वॉलेट बनवलं होतं, पासफ्रेज लावून. एन्क्रिप्टेड आहे म्हटल्यावर निर्धास्त. सहज म्हणून एकदा त्याच्या वॉलेट डॉट डॅट फाइलवर स्ट्रिंग्ज ही कमांड चालवली, ही कमांड कुठल्याही फाइलमधला वाचता येण्यासारखा मजकूर बाहेर काढून दाखवते. आणि स्क्रीनवर भराभर माझे ॲड्रेस यायला लागले, आणि त्यांच्या शेजारी मी रोमनमध्ये टाइप केलेली लेबलं. कुणाचं नाव, कशाचे पैसे, सगळं. पासवर्ड विचारलाच नाही! कारण बिटकॉइन कोअरची पासफ्रेज फक्त प्रायव्हेट कीज (पैसे खर्च करायच्या गुप्त किल्ल्या) एन्क्रिप्ट करते, ॲड्रेस, व्यवहार, लेबलं तशीच उघडी राहतात. हे लपवलेलं नाही, सगळं लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं. वर डीबग डॉट लॉग नावाची फाइल असते, वॉलेटमध्ये व्यवहार आला की त्याचा आयडी त्यातही साध्या अक्षरात लिहिला जातो. इलेक्ट्रममध्ये पासवर्ड ठेवला तर अख्खी फाइल एन्क्रिप्ट होते, तिथे हा त्रास नाही.

तेव्हा मला आठवलं की त्याच्या वर्षभर आधी मी मुख्य लॅपटॉप कीबोर्ड बदलायला दिला होता, तीन दिवस. लॉगिन पासवर्डही लिहून दिला होता, तो माणूस म्हणाला टेस्टिंगला लागेल. कुणी काही बघितलं असेल असं नाही, पण बघायचं म्हटलं असतं तर पाच मिनिटं पुरली असती. आता दोन्ही मशीनची पूर्ण डिस्क एन्क्रिप्टेड आहे. विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स, जे असेल ते, पण फाइलवर विसंबून न राहता अख्खी डिस्क. आणि दुरुस्तीला देताना डिस्क काढून घ्यायची, किंवा निदान पासवर्ड तरी द्यायचा नाही.

घरचे भेदी अजून आहेत. विंडोजमध्ये क्लिपबोर्ड हिस्टरी नावाची सोय आहे, विंडोज की आणि व्ही दाबलं की मागे कॉपी केलेलं बरंच काही दिसतं. मला ती फार उपयोगी वाटायची म्हणून मीच चालू केली होती, वर दुसऱ्या मशीनशी सिंकसुद्धा. एकदा उघडून बघितली तर त्यात सात-आठ ॲड्रेस, दोन ट्रान्झॅक्शन आयडी आणि एक एक्सपब! एक्सपब म्हणजे ज्यातून वॉलेटचे सगळे ॲड्रेस काढता येतात, झालेले आणि होणारे. त्याने पैसे चोरता येत नाहीत म्हणून लोक बिनधास्त पेस्ट करतात, मीही एका हिशेबाच्या वेबसाइटला दिला होता, पण बघणाऱ्याच्या दृष्टीने ती अख्खी वहीच आहे. तसंच नोटपॅडचं, विंडोज ११ मधलं नवं नोटपॅड सेव्ह न केलेला मजकूरही सांभाळून ठेवतं, पुढच्या वेळी उघडलं की परत हजर. तात्पुरतं म्हणून काही टाइप करायची सोय राहिली नाही. आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स हे फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असतील तर वॉलेटची बॅकअप फाइलही चढली समजा.

क्लाउडवरून आठवलं. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले होते. सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, अमेरिकेत एका जोडप्याला पकडलं आणि ९४,००० च्या आसपास बिटकॉइन परत मिळाले. कसे मिळाले? तर त्यातल्या नवऱ्याच्या क्लाउड स्टोरेजमध्ये एक फाइल होती, एन्क्रिप्ट केलेली, त्यात दोन हजारांच्या घरात ॲड्रेस आणि त्यांच्या कीज, ती तपासवाल्यांनी उघडली. चोर पकडले गेले ते उत्तमच झालं. पण एवढं घबाड सांभाळणाऱ्यालाही क्लाउडचा मोह आवरला नाही, तिथे माझ्यासारख्याचं काय.

मूळ वॉलेटच नकली असेल तर वरचं सगळं पाण्यात, त्यामुळे डाउनलोड केलेल्या फाइलची डिजिटल सही तपासणं आलं. मला हे शुद्ध कर्मकांड वाटायचं. मग २०१९ मधला मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टोचलनाचा किस्सा वाचला. त्यांच्या अधिकृत साइटवरच, नोव्हेंबरमध्ये, काही काळ कमांड लाइनवाल्या वॉलेटच्या बदललेल्या फाइल मिळत होत्या, सीड पळवणाऱ्या. साइट खरी, लिंक खरी, फाइल खोटी. पकडलं कुणी, तर एका साध्या युजरने, ज्याने हॅश जुळवून बघितला आणि तो जुळला नाही. तेव्हापासून मी मुकाट्याने सही तपासणारं जीपीजी चालवतो.

ब्राउझरमधल्या वॉलेटबद्दल थोडंच लिहितो कारण मी ती फार वापरत नाही. इथेरियम या दुसऱ्या चेनमध्ये चेंज ॲड्रेस वगैरे भानगड नाही, एकच अकाउंट वर्षानुवर्षं, म्हणजे एकदा कळला की सगळं कळलं. दोन-तीन अकाउंट वेगळी ठेवली तरी वॉलेट त्यांची शिल्लक एकाच आयपीवरून एकाच सर्व्हरला विचारतं. मेटामास्क हे असंच एक वॉलेट, ते डिफॉल्टला इन्फुरा हा सर्व्हर वापरतं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीत आयपी आणि वॉलेट ॲड्रेस गोळा होतो असं स्पष्ट लिहून आलं तेव्हा बराच बोभाटा झाला होता. हा सर्व्हर (आरपीसी) सेटिंगमध्ये बदलता येतो. मी फक्त त्याच्यासाठी एक वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवलंय, त्यात ईमेल नाही, सोशल मीडिया नाही, दुसरं काहीच नाही, आणि ज्या साइटशी वॉलेट जोडलंय ती यादी अधूनमधून साफ करतो. आपण टॅब बंद करतो, परवानगी तशीच राहते.

मध्ये एक दिवस वॉलेटमध्ये ५४६ सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) येऊन पडले. मी कुणाकडून काही मागवलेलं नाही. आधी वाटलं चुकून आले, मग कळलं की हा डस्टचा प्रकार, म्हणजे धूळ. माहीत असलेल्या ॲड्रेसवर असे कण फेकायचे, आणि माणूस कधीतरी दुसऱ्या तुकड्यांबरोबर तो कणही नकळत खर्च करेल याची वाट बघायची, की गाठ बसली. वर सातोशीने जे कबूल केलंय म्हटलं ना, त्याचाच हा उपयोग. उपाय सोपा आहे, त्या तुकड्यावर राइट क्लिक करून फ्रीझ. मग वॉलेट त्याला हात लावत नाही. आणि अर्थात तोही माझ्या त्याच जुन्या ईमेलवाल्या ॲड्रेसवर आला होता, दुसरीकडे कुठे येणार.

त्या निमित्ताने कॉइन कंट्रोल शिकलो. म्हणजे पैसे पाठवताना कुठला तुकडा वापरायचा हे वॉलेटवर न सोडता स्वतः निवडायचं. पगाराच्या कामातून आलेला तुकडा आणि एक्स्चेंजवरून आलेला तुकडा एका व्यवहारात घालायचा नाही. यासाठी प्रत्येक तुकड्याला लेबल हवंच, कुणाकडून आला, त्या माणसाला माझ्याबद्दल काय माहीत आहे. आता इथे गोची अशी की ही लेबलं म्हणजेच माझ्या सगळ्या व्यवहारांची सविस्तर डायरी झाली, जी मी आत्तापर्यंत कुणाला दिसू नये म्हणून धडपडत होतो! लेबल नाही लावलं तर सहा महिन्यांनी मलाच कळत नाही आणि चुकीचे तुकडे एकत्र जातात, लावलं तर फाइल सापडणाऱ्याचं काम सोपं. मी लावतो, पण सांकेतिक, आणि ती फाइल एन्क्रिप्टेड वॉलेटच्या बाहेर जाऊ देत नाही.

मिक्सिंग वगैरे मी करत नाही. कॉइनजॉइनची कल्पना चांगली आहे, ग्रेगरी मॅक्सवेलने २०१३ मध्ये मांडली होती, बऱ्याच जणांचे समान रकमेचे तुकडे एका व्यवहारात घालून कुठला कुणाचा ते कळू द्यायचं नाही. पण एप्रिल २०२४ मध्ये ही सोय देणारं समुराई वॉलेट बनवणाऱ्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी १ जूनला तसल्याच वासाबी वॉलेटच्या कंपनीने आपला कोऑर्डिनेटर (असे व्यवहार जुळवणारा सर्व्हर) बंद केला, आणि काही एक्स्चेंज असे पैसे आले की खातं अडवून प्रश्न विचारत बसतात. ज्याने त्याने आपलं बघावं. मोनेरोत रक्कम आणि ॲड्रेस चेनवर दिसतच नाहीत, ते मुळातच तसं बनवलंय, पण तिथेही दुसऱ्याच्या रिमोट नोडला जोडलं तर त्याला आयपी आणि पैसे पाठवल्याची वेळ दिसतेच. म्हणजे फिरून गाडी परत कॉम्प्युटर कुणाशी बोलतो याच्यावरच येते.

आणि कॉम्प्युटरवर कितीही केलं तरी हार्डवेअर वॉलेट (किल्ल्या ठेवणारं छोटं उपकरण) मागवताना मी घरचा पत्ता, खरा फोन नंबर, रोजचा ईमेल सगळं भरलं होतंच. लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीचा ग्राहकांचा डेटा २०२० मध्ये फुटला आणि डिसेंबरमध्ये उघड्यावर आला, दहा लाखांच्या वर ईमेल आणि साधारण २,७२,००० लोकांची नावं, पत्ते, फोन. वॉलेटमधलं काही गेलं नाही, फक्त कुणाच्या घरी वॉलेट आहे ही यादी गेली. माझं वॉलेट दुसऱ्या कंपनीचं होतं म्हणून हायसं वाटलं, तेही किती दिवस कुणास ठाऊक.

राहता राहिला मित्राने पाठवलेला तो तुकडा. तो वापरायचा कसा हा प्रश्न अजून आहे. दुसऱ्या कशाबरोबर खर्च केला की त्याला तेही माझं हे कळणार, एकटाच नव्या ॲड्रेसवर हलवला तर तो मागोमाग येणार, त्याला आता सवयच लागलीये. बराच विचार करून ठरवलं की पुढच्या वर्षी सर्व्हरचे पैसे तो भरेल, तेव्हा माझा वाटा म्हणून हाच तुकडा त्याला परत द्यायचा, पूर्णच्या पूर्ण, चेंज न ठेवता, रक्कम चार पैसे इकडेतिकडे झाली तरी चालेल. तोपर्यंत फ्रीझ करून ठेवलाय.

परवा त्याचाच मेसेज आला. "ते अजून तिथेच पडलंय की रे, हलवत का नाहीस?"